बिनढगांचा मुलूख

लक्ष्मीकांत दिघे गोल्फ खेळायला लागले, तेव्हा बडोद्याच्या मांजलपुरातल्या त्यांच्या सोसायटीतल्या पटेलबेननी निरुपमाबाईंना जिन्यात गाठून विचारलं होतं, "लॉटरी लागी के शुं?"

लॉटरी काही लागली नव्हती. दिघे वाघोडियाच्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. गोल्फ त्यांच्या आयुष्यात आणला तो हंबीरराव शिर्क्यांनी. हंबीरराव शाळेत पी.टी.चे मास्तर. शिर्क्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, दिघ्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात. "तुझे पणजोबा आमच्या पणजोबांचा पगार मांडायचे," हंबीरराव म्हणायचे, "आणि कमीच मांडत असणार, तुझ्या तोंडावरून दिसतं." कोणाकडून तरी जुन्या, अर्ध्यामुर्ध्या गोल्फच्या काठ्यांची, म्हणजे क्लबांची, बॅग त्यांनी मिळवली होती. सावली गावाच्या रस्त्यावर एका निवृत्त डॉक्टरांनी आपल्या शेतात नऊ होलचं लहानसं मैदान केलं होतं. रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून तिकडे निघायचे. हंबीरराव चालवायचे, आणि दिघे मागे बॅग मांडीवर धरून बसायचे. खड्डा आला की लोखंडी क्लब त्यांच्या कानाशी खणखणायचे.

हे दहा-बारा वर्षं चाललं. दिघे चाळिशीनंतर एखादी गोष्ट शिकले आणि ती त्यांना जमली, असं हे एकच. हातातून क्लब फिरून चेंडूला नेमका लागला की मनगटापासून खांद्यापर्यंत काहीच जाणवत नाही, आणि चेंडू मात्र लांब जातो, याचं त्यांना दरवेळी नवल वाटायचं.

मग एका सप्टेंबरात, पाऊस जवळजवळ आटोपला असताना, त्या मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाच्या झाडाखाली हंबीररावांच्या अंगावर वीज पडली. दिघे तेवढ्यात फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत फोन घ्यायला गेले होते. फोन निरुपमाबाईंचा होता. सावलीहून येताना ताजी चवळी मिळाली तर आणा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा दिघ्यांनी काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. त्यानंतर त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही.

---

भीती लगेच आली नाही. तेराव्यापर्यंत दिघे धावपळीत होते. शिर्के वहिनींना, म्हणजे कुसुमावतींना, बँकेत नेणं, त्यांची मुलगी शिवांगी हिच्या ऑफिसात कळवणं, शाळेतून पेन्शनचे कागद काढणं, सगळं त्यांनी केलं. भीती आली ती पुढच्या वर्षी, जूनमध्ये. कारखान्यातून घरी यायच्या वेळेला आकाश काळं झालं आणि दिघ्यांचे पाय गेटातच थिजले. त्यांना बाहेर पडता येईना. पहारेकरी म्हणाला, "साहेब, छत्री आपुं?" दिघ्यांनी मान हलवली आणि परत आत जाऊन ते मशीनच्या आडोशाला उभे राहिले. बस चुकली. पाऊस थांबला तरी ते निघाले नाहीत. शेवटी अमोघ, त्यांचा मुलगा, गाडी घेऊन आला तेव्हा ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले होते.

त्यानंतर ते वाढतच गेलं. आभाळ आलं की ते घरातले सगळे प्लग काढायचे, नळाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, जिथे एकही खिडकी नव्हती तिथे, स्टूल टाकून बसायचे. निरुपमाबाई जवळ येऊन बसल्या तर म्हणायचे, "तू लांब बस." का ते सांगायचे नाहीत. खरं कारण त्यांनी वाचलेलं होतं: माणसं एकमेकांना चिकटून असली तर एकावर पडलेली वीज दुसऱ्यालाही नेते. रिटायर व्हायला अवकाश होता, पण त्यांनी आधीच राजीनामा दिला. लोकांना सांगितलं, पाठ धरते.

क्लबांची बॅग हंबीररावांच्या घरीच राहिली. तिला दिघ्यांनी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवाळीनंतर शिवांगी आली. हंबीररावांची एकुलती मुलगी, वय पंचविसाच्या आसपास, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. बापाचे रुंद खांदे आणि बापाचीच समोरच्याला बोलू न देण्याची सवय. तिने बॅग दिघ्यांच्या दिवाणखान्यात आणून भिंतीला टेकवली.

"काका, मला शिकवा."

"माझी पाठ—"

"पाठीला काही झालेलं नाही, काकूंनी मला सांगितलंय," शिवांगी म्हणाली.

दिघ्यांनी निरुपमाबाईंकडे पाहिलं. त्या वाटाणे सोलत होत्या, आणि त्यांनी वर पाहिलं नाही.

"बाबा कच्छचं बोलायचे," शिवांगी म्हणाली. "भुजच्या पलीकडे कोणीतरी वाळूत मैदान केलंय म्हणून. तुम्ही दोघं जाणार होता. मी गेल्या महिन्यात त्या माणसाचा नंबर शोधला. वेलुभा जाडेजा. आधी फौजेत होते. रणातल्या उत्सवाचे तंबू उठले की मार्चमध्ये तिकडे चिटपाखरू नसतं, म्हणाले. खोल्या रिकाम्या असतात, भाडं निम्मं. राहायचं, जेवायचं, खेळायचं, सगळं त्यांच्याकडेच. आपण तिघं जाऊ, तुम्ही, काकू आणि मी. आई हो म्हणाली, पण एका अटीवर. तुम्ही बरोबर असाल तरच."

नाही म्हणायला दिघ्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्यांच्या मनात दुसराच विचार आला. वाळवंट. मार्च महिना. ढग नाही, पाऊस नाही, झाड नाही. हिंदुस्थानात कुठे वीज पडणार नाही असं ठिकाण असेल तर ते हेच.

"बघू," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात दिघे पुन्हा माणसात आले असं निरुपमाबाईंना वाटलं. ते सकाळी उठून टेबलाशी बसायचे. भुजची रात्रीची गाडी, तिथून पुढे वेलुभांची जीप, परतीचं तिकीट, असं सगळं त्यांनी स्वस्तात बसवलं. शिवांगीला सोसायटीच्या गच्चीवर, दुपारी, लख्ख उन्हात, क्लब धरायला शिकवलं. ती बापासारखीच जोरात मारायची आणि बापासारखीच चुकायची. दिघे तिचं मनगट सरळ करायचे, आणि दर दोन मिनिटांनी त्यांची नजर पश्चिमेकडे जायची.

निरुपमाबाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. टेबलाशी बसून दिघे गाड्यांपेक्षा पावसाचे आकडे जास्त पाहत होते. गेल्या तीस वर्षांतला कच्छातला मार्चचा पाऊस त्यांना पाठ झाला होता. बहुतेक सगळी शून्यंच होती. जिथे शून्य नव्हतं, त्या दोन-तीन वर्षांवरून त्यांचं बोट पुढे सरकायचं नाही.

---

वेलुभा भुजच्या स्टेशनावर घ्यायला आले होते. साठीचा उंच माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. "पधारो, पधारो," म्हणत त्यांनी निरुपमाबाईंच्या हातातली पिशवी घेतली. जीप गावं मागे टाकत उत्तरेकडे निघाली. आधी शेतं संपली, मग बाभळी संपल्या, मग कुंपणं. उरली ती करडी जमीन, वर मिठाचा पातळ पापुद्रा, आणि पुढे काहीच नाही. शिवांगी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली होती. निरुपमाबाई म्हणाल्या, "किती शांत आहे हो."

दिघ्यांनाही ते जाणवत होतं, पण वेगळं. जीप थांबली आणि इंजिन बंद झालं तेव्हा त्यांना आपल्या कानातलं रक्त ऐकू आलं.

गेस्टहाऊस म्हणजे चार खोल्या, एक ओसरी आणि पाण्याची टाकी. मैदान त्याच्या मागे, थोडं चालून गेल्यावर, सुरू होत होतं. गवताचं एक पातंही नाही. जिथे बाकीच्या मैदानांवर हिरवळ असते, तिथे वेलुभांनी वाळूत जुनं इंजिन ऑईल कालवून, ती दाबून, काळपट गोल चकत्या केल्या होत्या. त्यांना ते ब्राऊन म्हणायचे. मधे खड्डा, खड्ड्यात कमरेएवढी लोखंडी सळई, सळईला लाल फडकं. वाळूवरून फटका मारता येत नाही म्हणून प्रत्येकाने प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा बरोबर न्यायचा, चेंडू त्यावर ठेवून मारायचा, आणि तुकडा उचलून पुढे चालायचं. शिवांगीला ही कल्पना इतकी आवडली की ती ओसरीतच मारायला लागली.

संध्याकाळी तिघं मैदानावर गेले. दिघे पहिल्या टीवर, म्हणजे पहिला चेंडू मारायच्या जागी, उभे राहिले आणि त्यांनी चहूकडे पाहिलं. झाड नव्हतं, हे खरं. खांब नव्हता. टेकाड नव्हतं. दूरवर गेस्टहाऊसची टाकी बोटभर दिसत होती. आणि मग जी गोष्ट त्यांना हिवाळाभर टेबलाशी बसून सुचली नव्हती, ती तिथे उभं राहिल्याबरोबर कळली. वीज उंच वस्तू शोधते. इथे सगळ्यात उंच वस्तू माणूसच होता.

त्यांच्या हातातला क्लब घामाने निसटला.

"काका, काय झालं?"

"काही नाही. ऊन लागलं."

"ऊन तर गेलं," शिवांगी म्हणाली.

आकाशात एक ढग नव्हता. दिघे खेळले. पहिले दोन फटके वाया गेले, तिसरा नीट बसला, आणि चेंडू त्या सपाट करड्या जमिनीवर टप्पे घेत घेत इतका लांब गेला, की शिवांगीने शिट्टी मारली. परतताना ती म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, वाऱ्याने नेला." दिघे हसले. खोलीत आल्यावर त्यांनी हवामान बघायला फोन काढला. रेंज नव्हती. वेलुभांना पावसाचं विचारलं तर ते म्हणाले, "वरसाद? मार्चमां? ना रे साहेब. अहीं तो चोमासामां पण नथी आवतो."

त्या रात्री दिघे झोपले नाहीत. निरुपमाबाईंना कळलं.

---

सकाळी आकाश निळंच होतं, फक्त फार वर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी पसरलं होतं. वारा फिरला होता. आदल्या दिवशी लाल फडकी पूर्वेकडे उडत होती, आज ती उलटी होती. दिघ्यांनी नाश्त्याला शिवांगीला सांगितलं, "आज नको खेळूया. वाळू उडेल."

"काका, उद्या आपण निघणार."

"मग भुज बघू. वेलुभांबरोबर जाऊ."

"ते केव्हाच गेले, सामान आणायला. दुपारनंतर येतील." तिने चहाचा कप ठेवला. "तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी एकटी जाते."

ती रागाने बोलली नव्हती. पण कुसुमावतींची अट दिघ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तुम्ही बरोबर असाल तरच. त्यांनी टोपी घातली.

निरुपमाबाई फाटकापर्यंत आल्या. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भीती वाटत असेल तर तिला सांगा ना. ती समजून घेईल."

"कसली भीती," दिघे म्हणाले.

सहाव्या ब्राऊनवर पोचेपर्यंत पिंजलेला कापूस राहिला नव्हता. पश्चिमेला, सिंधच्या बाजूला, क्षितिजावर एक निळसर भिंत उभी राहिली होती आणि तिचा वरचा काठ उन्हात पांढरा चमकत होता. दिघ्यांनी ती पाहिली होती केव्हाच. पाहूनही ते तीन फटके काही बोलले नव्हते. त्यांचं तोंड कोरडं पडलं होतं, आणि बोललं तर ते खरं होईल असं त्यांना वाटत होतं.

मग जमिनीतून आल्यासारखा एक आवाज आला. लांबचा, जड.

शिवांगी पट मारायला, चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलायला, वाकली होती, ती तशीच राहिली. "ट्रक असेल," ती म्हणाली.

"ट्रक नाही," दिघे म्हणाले. "मावठं आहे. चल. बॅग टाक इथेच."

"बॅग?"

"टाक म्हणतो ना. क्लब, सळई, सगळ्यापासून लांब."

"बाबांची बॅग आहे, काका."

"मला माहीत आहे कोणाची आहे."

ते असे कधी तिच्याशी बोलले नव्हते. शिवांगीने बॅग वाळूवर आडवी ठेवली. दोघं गेस्टहाऊसच्या दिशेने झपझप निघाले. पण टाकी बोटभरच दिसत होती आणि भिंत धावत होती. वारा एकदम गार झाला. वाळू पायांभोवती सापांसारखी सरपटू लागली. मग ती वर उठली आणि टाकी दिसेनाशी झाली. ऊन विझलं. पहिली वीज चमकली ती त्यांच्या उजव्या हाताला, आणि आवाज यायला थोडा वेळ लागला. दुसऱ्या वेळेला तेवढाही लागला नाही.

दिघ्यांचे पाय थांबले. तसेच थांबले, जसे कारखान्याच्या गेटात थांबले होते. डोळ्यांपुढे कडुलिंबाचं झाड आलं, त्याची एक बाजू सोललेली, आणि तो वास. त्यांना पळायचं होतं. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. शिवांगीला सोडून पळायचं होतं, हेही त्या क्षणी खरं होतं.

"काका," शिवांगी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "काका, काय करायचं?"

ती त्यांच्याकडे बघत होती. तिचे केस वाऱ्याने नव्हे, आपोआप टोपीखालून वर उठू लागले होते, एकेक बट सुटी होऊन.

दोन वर्षं बोळात स्टुलावर बसून दिघ्यांनी जे जे वाचलं होतं, ते सगळं त्यांच्या तोंडातून एकदम बाहेर आलं. "खाली बस. उकिडवी. झोपू नकोस, जमिनीला अंग लावू नकोस. पाय जुळव. टाचेला टाच. डोकं गुडघ्यांत घाल, कान झाक. माझ्यापासून लांब. अजून लांब. अजून."

बाजूला एक कोरडी नाळ होती, पावसाळ्यात पाणी जाऊन झालेली, गुडघाभर खोल. त्यांनी तिला त्यात ढकललं, आणि स्वतः दहा-बारा पावलं पुढे जाऊन त्याच नाळेत उकिडवे बसले. गुडघे कडकडले. त्यांनी कान झाकले.

मग ते त्यांच्यावर आलं. प्रकाश पापण्यांमधून आत शिरला. आवाज छातीत बसला. गारा आल्या, टपोऱ्या, पाठीवर दगडांसारख्या. एक वीज इतकी जवळ पडली की जमीन तळपायांतून थरारली, आणि जळलेल्या तारेसारखा वास आला. दिघ्यांच्या पायजम्यात ऊब पसरली आणि लगेच गार झाली. आपण लघवी केली, हे त्यांना कळलं, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांना फक्त मागून आवाज हवा होता.

"शिवांगी," ते ओरडले.

काही नाही.

"शिवांगी!"

"आहे," ती ओरडली. "आहे, काका."

गडगडाट लोळत पुढे गेला. पुन्हा चमकलं. त्या उजेडात शिवांगी ओरडून काहीतरी बोलली, ते त्यांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"बाबांना कळलं असेल का?"

गारांचा मारा चालू होता.

"काका, तुम्ही तिथे होतात. त्यांना आधी कळलं का? ते घाबरले का?"

हाच प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून दिघे दोन वर्षं शिर्क्यांच्या घरी दहा मिनिटांवर बसले नव्हते. त्यांना वाटायचं, विचारलं तर आपल्याला ते झाड पुन्हा बघावं लागेल. आता ते डोळ्यांपुढेच होतं. त्यांनी मान वर केली आणि मागे वळवली. करायची नसते हे माहीत असून केली.

"नाही," ते ओरडले. "नाही कळलं. माझा चेंडू हरवला होता, तो त्याला झाडाच्या मुळाशी सापडला. त्याने मला तो वर करून दाखवला. हसत होता. म्हणाला, लक्ष्मीकांता, हा बघ, तुझ्या मारण्याला कंटाळून लपून बसलाय. मी दारातून हात केला. बस. तेवढंच. तो हसतच होता."

शिवांगी काय म्हणाली, ते पुढच्या गडगडाटात बुडालं. पण दिघ्यांना ती दिसत होती. तिने डोकं गुडघ्यांत घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

किती वेळ गेला ते दोघांनाही पुढे सांगता आलं नाही. गारांच्या जागी पाऊस आला, मग पावसाची भुरभुर झाली. नाळेच्या तळाशी गढूळ पाणी वाहायला लागलं तेव्हा दिघे उठायला गेले आणि पडले. पाय लाकडासारखे झाले होते. शिवांगी रांगत त्यांच्यापाशी आली आणि तिने त्यांना काखेत हात घालून वर काढलं.

"लांब राहा," दिघे म्हणाले. "अजून गेलं नाही ते."

"गेलं, काका," ती म्हणाली, आणि तिने हात काढला नाही.

---

वेलुभांची जीप वाटेत भेटली. ते पावसातून गाडी हाकत आले होते, आणि त्यांच्या शेजारी निरुपमाबाई होत्या, पदर डोक्यावरून, ओठ पांढरे. ढग दिसल्याबरोबर त्या फाटकाबाहेर पडून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वेलुभांनी त्यांना वाटेतूनच गाडीत घेतलं होतं. दिघ्यांनी ते ऐकलं आणि त्यांना तिथेच, जीपच्या चाकापाशी, ओकारी झाली.

"तू रस्त्यावर उभी होतीस? उघड्यावर?"

"मग काय करू," निरुपमाबाई म्हणाल्या. "बोळात बसू?"

वेलुभा कानाच्या पाळ्यांना हात लावत म्हणाले, "माफ करजो साहेब. त्रीस वरसमां आवुं जोयुं नथी." रस्त्याकडच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला होता. रात्रभर गेस्टहाऊसमध्ये दिवे नव्हते. कंदिलाच्या उजेडात त्यांनी बाजरीचे रोटले आणि कढी वाढली. दिघ्यांनी रोटल्याला हात लावला नाही. शिवांगीने ते पाहिलं.

"मीसुद्धा घाबरते," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत होतं मी नाही घाबरत? बाबा गेल्यापासून मी पावसात ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसते. दार लावून. मला वाटलं, इकडे नसेल ते. म्हणून तर इकडे म्हटलं."

मग निरुपमाबाई हसल्या, आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. शिवांगी वेलुभांबरोबर बॅग आणायला गेली आणि तिथेच तिने तीन होल पुरे केले. दिघे गेले नाहीत. ते ओसरीत भिंतीला टेकून बसले होते, आणि दर थोड्या वेळाने पश्चिमेकडे बघत होते. निरुपमाबाईंनी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. दिघ्यांनी "लांब बस" म्हटलं नाही. पण म्हणावंसं वाटत होतं.

---

बडोद्याला आल्यावर दिघे मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. मनाच्या डॉक्टरांकडे. अमोघने आधी दोनदा वेळ घेऊन ठेवली होती, दोन्हीदा ते गेले नव्हते. आता ते स्वतः रिक्षा करून गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "मला विजेची भीती वाटते. इतकी, की मी कपड्यात लघवी केली." वाक्य म्हणताना ते लाजले, पण पुरं केलं.

गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. भीती काही गेली नाही. त्या जूनमध्ये पहिल्याच काळ्या दुपारी ते बोळात स्टुलावर होते, आणि ऑगस्टात एकदा तर रडलेही. पण आता आभाळ भरून आलं की फोन वाजायचा. "काका, बसलात का?" शिवांगी विचारायची. "मी बसलेय." मग ती ऑफिसच्या कोपऱ्यातून आणि ते बोळातून काहीतरी बोलत राहायचे, भाजीबद्दल, तिच्या नकाशांबद्दल, ब्राऊनवर पट कसा मारायचा याबद्दल. एखादी वीज कडाडली की दोघंही गप्प व्हायचे, आणि मग कोणीतरी आधी बोलायचं. बहुधा शिवांगीच.

दिघे कुसुमावतींकडे गेले ते नवरात्रात. बाईंनी घट बसवले होते. दिघे नेहमीसारखे दारातच टेकले नाहीत. आत जाऊन सतरंजीवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "हंबीरच्या त्या दिवशीचं तुम्हाला सांगायचं होतं."

"शिवांगीने सांगितलं," कुसुमावती म्हणाल्या. त्या वातीसाठी कापूस वळत होत्या. "पण तुम्ही सांगा, भावजी. तुमच्या तोंडून ऐकते."

दिघ्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, सकाळी स्कूटर निघाली तिथपासून. कुसुमावतींनी घाई केली नाही. बाहेर चाळीत मुलं गरब्याचे दिवे लावत होती. सांगून झालं तेव्हा बाईंनी वळलेली वात बाजूला ठेवली.

"चवळी आणायला फोन केला आणि तिचाच माणूस तेवढा वाचला, म्हणून निरुपमा मला अजून तोंड दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "तिला पाठवून द्या उद्या. म्हणावं, अष्टमीला चवळीचे दाणे घालून भात करणार आहे, हाताखाली कोणी नाही."

दिघे घरी आले आणि त्यांनी निरुपमाबाईंना निरोप जसाच्या तसा सांगितला. त्या बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी घासत राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "किती वाजता जाऊ?"